दोन गाठींची सुतळी

इंदूताई, आज तुमची खिडकी मी बरोबर सहाला उघडली. काल पावणेसहालाच उघडली होती, परवा तर सव्वापाचला. तुम्ही असतात तर आतूनच ओरडला असतात, “ऊन तर उतरू द्या ना जी मालकीणबाई, कायले घाई?” घाईच होते मला. तुम्ही गेल्यापासूनचे हे वीस दिवस, दुपारचे चार वाजले की माझा पाय घरात ठरत नाही. मळलेली कणीक तशीच झाकून मी अंगण ओलांडते, चार नंबरच्या खोलीचं कुलूप काढते, खिडकीवरची ऊन अडवायची ताटी उतरवून भिंतीला टेकवते आणि खाटेवर क्षणभरही न बसता परत फिरते. तुमच्या लेकीनं, पल्लवीनं, किल्ली माझ्याकडे ठेवलीय. ती सातला कामावरून येते, तोवर आतला उकाडा थोडा हलावा, हे माझं निमित्त. खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही.

खरं कारण असं. त्या दिवशी सहा वाजता मी मागच्या ओट्यावर लसूण सोलत बसले होते. समोर तुमची खिडकी. तुमचा नियम वारज्यातल्या आमच्या अख्ख्या आळीला पाठ होता, दहाला ताटी लावायची, सहाला काढायची. सहा वाजले, ताटी तशीच. सव्वासहा झाले. मी मनात म्हटलं, आज बाईसाहेब झोपल्या वाटतं, बऱ्या सापडल्या, रविवारी सगळ्यांसमोर यांचा नियम यांनाच ऐकवते. लसूण सोलून झाला. मी आत गेले, भाजी फोडणीला टाकली. तुम्हाला ऐकवायचं वाक्य मी घोळवत होते, इंदूताई. चांगलं खोचक जमून आलं होतं. आणि सातला पल्लवीची किंकाळी ऐकू आली.

डॉक्टर म्हणाले, हृदय. दुपारीच केव्हातरी, झोपेत. उकाड्याचं नाव कोणी घेतलं नाही. पल्लवीनं नाही, शेजारपाजाऱ्यांनी नाही. वर्ध्याहून तुमचा भाऊ आला होता, त्यानं तर उलट माझ्यापुढे हात जोडले, बहिणीला सात वर्षं चांगल्या घरी ठेवलंत म्हणाला. मी मान हलवली आणि चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले. उकाड्याचं नाव मीच घेते, रोज, मनातल्या मनात. त्या खोलीला दुसरी खिडकी द्या म्हणून तुम्ही मागे लागला होतात आणि मी ती देत नव्हते, हे आपल्या दोघींशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

बाकी तुमची माझी ओळख भांडणातूनच झाली. सात वर्षांपूर्वी तुम्ही लेकीला घेऊन आलात, तेव्हा मी तुमच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. मालकीण आणि भाडेकरू, एवढंच नातं. आमच्या घरामागं मोकळं परडं होतं, तिथं मी पत्र्याच्या पाच खोल्या काढल्या होत्या आणि त्यात कोणी ना कोणी येऊन जाऊन असायचं. तुम्ही चार नंबरमध्ये राहिलात. नमस्कार, पाणी आलं का, नमस्कार. चार वर्षं यापुढे गाडी गेली नाही.

मग त्या उन्हाळ्यात आमच्या आळीला खिडक्यांचं वेड लागलं. नव्या इमारतीतले कुलकर्णीकाका त्यात पुढे होते. निवृत्त माणूस, हातात सतत मोजपट्टी, जिभेला धार. ते म्हणाले, पत्र्याच्या घरांत पश्चिमेचं ऊन खिडकीतून थेट आत येतं, त्याला अडवलं तर निम्मी काहिली कमी होईल, आणि त्याला विकतचं काही लागत नाही. गणपती मंडळाची पत्र्याची शेड वर्षातले दहा महिने रिकामीच. रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण तिथं जमायला लागलो. मंडईतून डाळिंबांचे रिकामे खोके आणायचे, बुरुडाकडून कामट्या आणायच्या, गादीवाल्याकडून फोमच्या चिंध्या. कामट्यांची चौकट, तिला दोन्ही अंगांनी पुठ्ठा, मध्ये बोटभर पोकळी, बाहेरच्या बाजूनं जुना फ्लेक्स, कडेनं फोम. काका त्याला पॅनेल म्हणायचे.

पहिल्या खेपेला पंधरा खिडक्या केल्या. घट्ट बसायला हव्यात म्हणून चारी बाजूंनी स्क्रू मारले. त्यातले निम्मे मी स्वतः पिळले होते, आणि काय अभिमान वाटत होता मला! तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही शेडमध्ये आलात. केस विस्कटलेले, डोळे लाल, हातात पेचकस.

“कोनाचं डोकं हाय हे?” तुम्ही विचारलंत.

काका पुढे झाले. “बाई, ते उष्णतारोधक पॅनेल आहे.”

“असन. पन मले तीन राती झोपू नाई दिलं त्यानं. दिवसाची गरमी आत येऊ नये म्हनून खिडकीले स्क्रू ठोकले, मंग रातीचा गारवा कुठून येईन? खिडकी हाय ते, भित नोहे!”

काकांना गप्प झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पंधरा घरांत कोणी तक्रार केली नव्हती. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची, म्हणून बिचारे तीन रात्री उकडत पडले होते. तुम्ही एकट्याच आलात. आणि मग कमरेला पदर खोचून तुम्ही त्याच संध्याकाळी घरोघर फिरलात, मी मागे मागे. एकेक स्क्रू काढताना तुमची बडबड चालू. “आमच्या वर्धेले तुमचा हा उन्हाळा म्हंजे थंडीतली दुपार. पन आमाले त्याच्याशी रायता येते. दहाले बंद करा, सहाले खोला. वाळ्याची ताटी अशीच असते, तिले कोनी ठोकून ठेवते का?” दुसऱ्या रविवारपासून स्क्रू गेले, कापडी बंद आले, आणि पॅनेल हा शब्दही गेला. आळी ताटीच म्हणायला लागली. काका शेवटपर्यंत पॅनेल म्हणत राहिले, पण ऐकणारं कोणी नव्हतं.

सुतळीही तुमचीच. आयटीतली दोघं-तिघं रविवारी मदतीला यायची, ती सेंटिमीटर लिहायची, काका इंच लिहायचे, आणि मी वहीत आकडा तेवढा उतरवून घ्यायची. त्या गोंधळात ज्या ताट्या झाल्या त्यांतली एक कोणाच्याही खिडकीला बसली नाही. तिच्यावर अजून माझे पापड वाळतात. तुम्ही वही बाजूला सारलीत आणि सुतळीचं बंडल आणलंत. खिडकीला सुतळी धरायची, टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत रुंदी, तिथून दुसऱ्या गाठीपर्यंत उंची, आणि घरच्या बाईच्या नावाची चिठ्ठी बांधून खिळ्याला अडकवायची. एक खिडकी, एक सुतळी.

काका म्हणाले, “जगात मोजपट्टीचा शोध लागलाय, हे कुणीतरी बाईंना कळवा.”

“पट्टी हाय ना जी,” तुम्ही म्हणालात, “वाचनारे दोन तऱ्हेचे हायेत.”

त्यानंतर एकही ताटी चुकली नाही. मी हे तुम्हाला कधी म्हटलं नाही. तुमचं कौतुक करायचं म्हटलं की माझी जीभ जड व्हायची, का कोण जाणे. भाडेकरूला डोक्यावर बसवू नये, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. त्यांचं मी बाकी काही ऐकलं नाही, हे मात्र ऐकलं.

तरी हसलो किती आपण! फ्लेक्स मिळायचे ते सगळे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचे. साहेबांचा चेहरा आत ठेवायचा की बाहेर, यावर एक अख्खी सकाळ गेली. आत ठेवला तर बायकांना कपडे बदलताना संकोच, बाहेर ठेवला तर साहेबांचे कार्यकर्ते भांडायला येणार. काकांनी निकाल दिला, “बाहेरच ठेवा. जनतेसाठी झिजतो म्हणतात, झिजू देत उन्हात.” आणि काकांच्या बहिणीची ताटी घेऊन आपण दोघी बसनं खडकीला निघालो, तेव्हा कंडक्टरनं ती ताटी पाहिली, तिच्यावरचा हात जोडलेला चेहरा पाहिला आणि विचारलं, “मावशी, ह्या साहेबांचं तिकीट कोण काढणार?” तुम्ही शांतपणे म्हणालात, “साहेबांनी कधी काढलं का तिकीट? त्याईले मिळते.” सगळी बस हसली. मी तर डोळे पुसत होते.

त्या दिवसाबद्दल मला लिहायचं नव्हतं. पण लिहायला बसले ती त्याचसाठी, असं आता दिसतंय.

तुम्ही ताटी लावायला शिकवलंत सगळ्यांना, पण तुमचं खरं म्हणणं दुसरंच होतं. एका खिडकीच्या खोलीत ताटी लावून दुपार निभते; रात्र निभत नाही. “वारं पाव्हन्यावानी असते,” तुम्ही म्हणायचात. “जायची वाट दिसली नाई तर आतच येत नाई.” माझ्या पाच खोल्यांपैकी चार खोल्यांना समोरासमोर खिडक्या आहेत. चार नंबरला मागची नाही. ती भिंत हद्दीवर आहे, आणि पलीकडे माझा धाकटा दीर, दत्ता.

हद्दीवरच्या भिंतीत खिडकी काढणं म्हणजे काय, हे आमच्यासारख्या जुन्या वारजेकरांना सांगावं लागत नाही. आज उजेड मागाल, उद्या वाट मागाल. त्यासाठी पलीकडच्याचं हो लागतं. आणि माझं न् दत्ताचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. तुम्हाला मी एवढंच सांगितलं होतं, वाटणीवरून बिनसलं. ते खोटं होतं. बिनसलं चिंचेवरून.

मामंजींनी लावलेली चिंच होती तिथं. वाटणीत जागा माझ्याकडे आली, झाड माझ्याकडे आलं. दत्ता येऊन म्हणाला, वैनी, बाकी काय पण करा, झाड ठेवा, आम्ही सगळे त्या सावलीत वाढलो. झाड ठेवलं असतं तर चारच खोल्या झाल्या असत्या. मला पाच हव्या होत्या. तो गावाला गेला होता त्या दोन दिवसांत मी झाड पाडलं. परत आल्यावर तो दारात येऊन नुसता उभा राहिला, एक शब्द बोलला नाही, आणि मला त्या न बोलण्याचाच राग आला. भरल्या आळीसमोर मी म्हटलं, तुमच्या सावलीलाही मी उभी राहणार नाही. त्यानंतर तो आमच्या दारात आला तो एकदाच, माझे यजमान गेले तेव्हा. खांदा दिला आणि गेला.

तुमची खोली त्या चिंचेच्या जागेवर आहे, इंदूताई. तुमची फरशी सारखी उचलली जायची, दोनदा मी गवंडी बोलावला. तुम्ही मला विचारलंत, “इथं झाड होतं का जी?” मी म्हटलं, कोण जाणे, असेल. तुम्ही हसलात आणि विषय सोडलात. आता मला वाटतं, तेव्हाच तुम्हाला कळलं असणार. आळीत सांगणारे काय कमी आहेत!

तर खडकीहून परतताना. बसमध्ये जागा मिळाली होती, साहेब उतरले होते, आपण मोकळ्या हातांनी बसलो होतो. यंदाचा फाल्गुन संपत आला होता. तुम्ही म्हणालात, “एक सांगू का मालकीणबाई? तुमच्या दिराकडं एक खेप जाऊन तर पाहा.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, “वीस पावलं हायेत. मी सांगते ना, जाऊन तर पाहा.” तेव्हा मी म्हटलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. थंडपणे म्हटलं, “इंदूताई, खोलीचं काय ते बोला. घरातलं बोलू नका.”

“बरं,” तुम्ही म्हणालात.

वारजे येईपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात. उतरताना माझी पिशवी नेहमीसारखी तुम्हीच घेतलीत. दुसऱ्या रविवारी शेडमध्ये तुम्ही तशाच होतात, तीच बडबड, काकांशी तीच जुंपाजुंपी. पण दुसऱ्या खिडकीचा विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत. मी मनात म्हटलं, चला, समजलं एकदाचं. दोन महिने मी समाधानात होते.

रागही येतो तुमचा, सांगून टाकते. पंधरा घरांचे स्क्रू काढणारी बाई तुम्ही! काकांसारख्या माणसाला गप्प केलंत. मग माझ्याच एका वाक्याला ‘बरं’ का म्हणालात? ओरडायचं होतं माझ्यावर. पेचकस घेऊन यायचं होतं. मी चिडले असते, चार दिवस बोलले नसते, मग आले असते ताळ्यावर. कदाचित. ‘कदाचित’ हा शब्द या वीस दिवसांत मी इतक्यांदा चघळलाय की त्याची चवच गेली.

तुमचे दिवस झाल्यावरचा पहिला रविवार. शेडमध्ये कोणाला काम सुचत नव्हतं. आयटीतली मुलं पुठ्ठे इकडून तिकडं करत होती. काका खिळ्यांवरच्या सुतळ्या काढून पाहत होते, कोणाच्या ताट्या राहिल्यात ते. त्यांतली एक त्यांनी माझ्या हातात दिली.

“ही तुमची. चिठ्ठी आहे. कुठल्या खिडकीची ते मला विचारू नका, मी सर्वज्ञ नाही.” एवढं बोलून ते तोंड फिरवून पुठ्ठा कापायला बसले. त्या दिवशी त्यांनी मोजपट्टी खिशातून काढलीच नाही. सुतळीच लावून मापं घेतली.

चिठ्ठीवर तुमचं अक्षर. ‘सुमनताई.’ तोंडावर सात वर्षं मालकीणबाई, आणि चिठ्ठीवर सुमनताई. मला तिथंच भरून आलं, पण सगळ्यांसमोर रडायची मला सवय नाही. मी घरी आले. आधी वाटलं, माझ्या स्वयंपाकघरासाठी केली असेल तुम्ही सुतळी; तिथं ऊन येतं अशी कुरकुर मी करायची. लावून पाहिली, रुंदी जमेना. मधल्या खोलीच्या खिडकीला लावली, उंची जास्त. मोरीची खिडकी, जिन्यातली जाळी, माळ्यावरचा झरोका. कुठंच बसेना. तुम्ही चुकला असाल हे माझ्या मनात आलंच नाही. तुमची सुतळी कधी चुकली नव्हती. दोन दिवस मी ती कमरेला खोचून घरभर फिरत होते. सून म्हणाली, आई, बसा ना जरा. कुठं बसू?

तिसऱ्या दिवशी पल्लवी सुट्टीवर होती. मी ताटी काढायला गेले तर दार उघडंच, ती सामान आवरत होती. ट्रंक ओढलेली, गोधड्यांची चळत खाली, भिंतीवरचं कॅलेंडर काढून खाटेवर टाकलेलं.

“काकू, महिनाअखेर रूम सोडते मी,” ती म्हणाली. “ऑफिसजवळ पीजी बघितलंय. इथं झोपच लागत नाही. सॉरी.”

मी तिला काही बोलणार होते, पण माझी नजर मागच्या भिंतीवर होती. कॅलेंडरच्या जागी कोळशाच्या चार खुणा होत्या. चार कोपरे.

“ते आईनं काढलंय,” पल्लवी म्हणाली. “रोज संध्याकाळी तिथं हात लावून बघायची. म्हणायची, इथून वारं जाईल. मी म्हणायचे, आई, भिंत आहे ती. लीव्ह इट. तर म्हणायची, सुतळी करून ठेवली हाय, सुमनताई हो म्हनतील.”

मी कमरेची सुतळी काढली. पल्लवीनं दुसरं टोक धरलं. पहिली गाठ डाव्या खुणेवर होती, टोक उजव्या. खाली सोडली, दुसरी गाठ बरोबर खालच्या खुणेवर आली. बोटभराचाही फरक नाही. घरात नसलेल्या खिडकीचं माप घेऊन ठेवलं होतंत तुम्ही, माझ्या नावानं.

मी तशीच निघाले. चपलाही घातल्या नाहीत. परड्याला वळसा घातला की दत्ताचं अंगण. तो पाइपनं अंगणात पाणी मारत होता. मला पाहिलं आणि त्यानं नळ बंद केला. खूप म्हातारा दिसला मला तो, इंदूताई. भिंतीपलीकडे राहतो, रोज दिसतो, पण मी पाहिलं नव्हतं. मी हातातली सुतळी पुढे केली. काय बोलायचं ते येताना ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. मी म्हटलं, “दत्ता...”

“हो,” तो म्हणाला.

मी गोंधळले. “अहो, मी अजून काही विचारलंच नाही.”

“खिडकीचंच ना? हो. काढा.” मग जमिनीकडे बघत म्हणाला, “त्या बाई आल्या व्हत्या माझ्याकडं. फाल्गुनात. म्हनल्या, भाऊ, तुमचं हो पायजे. मी म्हनलं, माझी काय आडकाठी न्हाय, पर वैनीनं येऊन एकदा सांगावं. म्हनल्या, आनते त्यांना. आनि जाताना म्हनल्या, त्या आल्या ना, की तुमी फकस्त हो म्हना. चिंचेचं काढू नका. त्यांना आधीच लय लागलंय ते.”

फाल्गुनात. खडकीला जायच्या आधी. म्हणजे बसमध्ये तुम्ही मला गळ घालत नव्हतात, निरोप सांगत होतात. त्याचं ‘हो’ तर तुमच्या पदरात बांधलेलंच होतं. मी एवढंच विचारायचं होतं, ‘का हो, जाऊन काय होणार?’ त्याऐवजी मी म्हटलं, घरातलं बोलू नका. आणि तुम्ही ते ‘हो’ तसंच परत घेऊन गेलात, दोन महिने त्या भिंतीला हात लावून बघत बसलात, माझी वाट पाहत.

मला लागलंय, हे तुम्हाला कसं कळलं होतं? मला स्वतःला त्या दिवशी कळलं, दत्ताच्या अंगणात, ओल्या मातीत उभी असताना. मी रडले तिथं. दत्ताच्या बायकोनं आतून पाण्याचा तांब्या आणला आणि मला पायरीवर बसवलं. चिंचेचं कोणी काढलं नाही. मीच काढलं शेवटी. म्हटलं, चुकलंच माझं. दत्ता म्हणाला, “जाऊ द्या वैनी,” आणि पुन्हा नळ सुरू केला, कारण त्यालाही रडायची सवय नाही.

डॉक्टर म्हणाले हृदय, तर हृदयच असेल. मागची खिडकी असती तर तुम्ही असतात, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नसतात, असंही कोणी सांगत नाही. हे मला आता असंच घेऊन राहायचंय, आणि चार वाजले की अंगण ओलांडायचंय. त्यातून सुटका करून द्या, असं मी तुमच्याकडे मागत नाही. क्षमा मागायची होती. ती जिवंतपणी मागायची असते, हे मला कळायला उशीर झाला.

काल गवंडी आला होता. छिन्नीचा पहिला घाव मी पल्लवीला घालायला सांगितला, तिनं माझाही हात धरला. दुपारपर्यंत भोक पडलं, संध्याकाळी चौकट बसली. पल्लवीचं सामान अजून अर्धं बांधलेलंच आहे. ती राहतेय की जातेय ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिला हवं ते ती करेल. पलीकडून दत्तानं हद्दीलगत खड्डा खणून घेतलाय. त्यात काय लावणार ते मला ठाऊक आहे.

आज सहाला मी दोन्ही खिडक्या उघडल्या. आणि वीस दिवसांत पहिल्यांदा तुमच्या खाटेवर बसले. बाजूच्या भिंतीला लावलेलं कॅलेंडर हललं, इंदूताई. नव्या खिडकीची ताटी मी तुमच्या सुतळीवरून एकटीनं केलीय. बंद कापडाचे आहेत. स्क्रू एकही मारलेला नाही.